ज्वारीच्या पानात विष नेमकं कुठं बसतं?

मामांचं रान मंगळवेढ्याच्या काळ्या मातीत. तिथं रब्बीला मालदांडी ज्वारीच. काही वर्षांपूर्वी सुगी आटोपल्यावर एप्रिलात वळवाचे दोन सडाके पडले आणि कापलेल्या बुडख्यांना लुसलुशीत फुटवे आले. दावं तोडून सुटलेली कालवड त्यात शिरली. थोड्याच वेळात धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला, पाय ताणले. जनावरांचे डॉक्टर पोहोचेपर्यंत खेळ संपला होता. गावात याला किराळ लागणं म्हणतात आणि शाळकरी पोरालाही ते ठाऊक असतं. त्या दिवशी दावं जुनं झालं होतं, एवढंच.

महिनाभरानं मी गेलो तेव्हा मामांनी विषय काढला. "तू कॉलेजात झाडपाला शिकवतोस, मग एक सांग. एवढं इख त्या पोंग्यात हाय, तर ते ताट सोताच कसं मरत न्हाई?"

वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारलेला नाही. कारण याचं उत्तर 'विष किती आहे' यात नाही, 'विष कुठं आहे' यात आहे. आणि झाडाच्या आत एखादा बारीक, विरघळणारा पदार्थ कुठं आहे हे शोधणं वाटतं त्यापेक्षा फार अवघड काम आहे.

आधी मामांचं उत्तर. ज्वारीत तयार विष नसतंच. असतो तो धुरिन नावाचा पदार्थ. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री यांनी तो इजिप्तच्या ज्वारीतून वेगळा काढला आणि ज्वारीच्या अरबी नावावरून त्याचं बारसं केलं. धुरिन म्हणजे साखरेची टोपी घातलेलं सायनाइड. टोपी डोक्यावर आहे तोवर निरुपद्रवी. ही टोपी काढणारं विकर (एन्झाइम) ज्वारीतच असतं, पण दुसऱ्या खोलीत. गुरानं पान चावलं की दोन खोल्यांमधली भिंत पडते, विकर धुरिनला भेटतं, साखर सुटते आणि मागोमाग हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतो. तो जनावराच्या पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, म्हणून रक्त लालभडक दिसतं, आणि तरी जनावर गुदमरतं.

मामांना हे पटलं. "म्हंजी काडी आन् गूळ एकाच घरात, पर येगळ्या फळीवर." (गूळ म्हणजे काडीपेटीवरचा, भाकरीबरोबरचा नव्हे.) मी वर्गात आता हेच उदाहरण देतो.

पण फळ्या वेगळ्या आहेत हे कळलं कसं? पान केसांच्या दोन-चार पदरांइतकं जाड. त्यातली एक पेशी मिलिमीटरच्या विसाव्या-पन्नासाव्या भागाएवढी. धुरिनला रंग नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तो दिसतच नाही. अकरावीच्या प्रॅक्टिकलला आपण ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल सोलून काचेवर ठेवायचो, मिठाचं पाणी सोडलं की जांभळा गोळा आकसायचा. तो जांभळा रंग पेशीतल्या रिक्तिकेत असतो, म्हणजे मधल्या पाण्याच्या मोठ्या पिशवीत, हे आपल्याला डोळ्यांनी कळलं. निसर्गानंच रंगवून दिलं होतं म्हणून. रंगहीन पदार्थाला ही सवलत नाही.

रंग द्यायचा म्हटलं तर दुसरं संकट उभं राहतं, आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे. पदार्थ पळतो.

हे घरच्या घरी बघता येतं. एका बीटच्या पातळ चकत्या करा. पाण्याखाली चांगल्या धुवा, धुतलेलं पाणी निवळ होईपर्यंत. सुरीनं फाटलेल्या पेशींचा रंग वाहून गेला. आता तीन वाट्या घ्या. पहिलीत साध्या पाण्यात चार चकत्या. दुसरीत चहाला ठेवतो तसल्या कडकडीत पाण्यात चार. उरलेल्या चार रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी काढून तिसऱ्या वाटीत साध्या पाण्यात सोडा. अर्ध्या तासानं पहिल्या वाटीतलं पाणी जेमतेम गुलाबी असतं. दुसरीतलं लाल. आणि तिसरीतलं पाणी बघून आमच्या घरी प्रश्न आला होता, "यात कुंकू टाकलंस का?"

पहिल्या वाटीत पेशी जिवंत आहेत, त्यांचं पातळ पटल शाबूत आहे, रंग आत कोंडलेला आहे. दुसरीत उष्णतेनं पटल फाटलं. तिसरीत थंडीनं फाटलं, कारण फ्रीजरमध्ये पाणी सावकाश गोठतं, बर्फाचे टोकदार खडे वाढत जातात आणि पिशव्या भोसकतात. पटल गेलं की धुरिनएवढा रेणू पाण्यात पन्नास मायक्रॉन, म्हणजे एका पेशीची रुंदी, साधारण दोन-तीन सेकंदांत ओलांडतो. दहा मायक्रॉनला सेकंदाचा दहावा भागही पुरतो. डोळे चोळून भिंगाकडे वाकेपर्यंत माल शेजारच्या घरात.

आता कॉलेजात आम्ही कायमस्वरूपी स्लाइड कशी करतो ते पाहा. पानाचा तुकडा फॉर्मॅलिनसारख्या द्रावणात बुडवायचा. मग पाणी काढायला अल्कोहोल, आधी सौम्य, मग चढत्या क्रमानं कडक. मग झायलीन. मग वितळलेलं मेण. मेणाची वडी झाली की मायक्रोटोमवर काप, मेण धुऊन काढायचं, सॅफ्रानिनचा रंग द्यायचा, पुन्हा अल्कोहोल. चित्र सुरेख येतं. पण फॉर्मॅलिन घट्ट धरतं ते प्रथिनांना. त्यांचे हात एकमेकांत गुंफून टाकतं. साखर, क्षार, धुरिन यांना त्या गर्दीत धरायला हातच नाहीत. शिवाय हे द्रावण पटलंही झिरपती करून सोडतं. राहिलंसाहिलं अल्कोहोल धुऊन नेतं. प्रयोगशाळेत पानातून धुरिन काढून घ्यायचं असेल तर पान मेथेनॉलसारख्या अल्कोहोलमध्येच उकळतात! ज्याला शोधायचं त्याला काढून टाकायची रीतसर पाककृती म्हणजे आमची स्लाइड.

सगळं धुऊन गेलं तर एक वेळ बरं. चित्र कोरं येतं आणि माणूस सावध होतो. खरा घात होतो तो अर्धवट धुतल्यावर. सोलापुरात चादरीच्या धंद्याशी संबंध नसलेलं घर विरळा, तेव्हा हे वेगळं सांगायला नको. कच्च्या रंगाची चादर पहिल्या धुण्यात रंग सोडते, तो रंग शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर बसतो आणि तिथं मात्र जातीचा पक्का होतो. नंतर ती चादर बघणाऱ्याला वाटावं, पट्टा मुळातच गुलाबी विणलाय. पेशीतही तेच. रिक्तिकेतून सुटलेला पदार्थ पेशीभित्तिकेला जाऊन चिकटतो आणि आपण लिहितो, 'अमुक पदार्थ भित्तिकेत आढळतो.' फोटो खोटा नसतो. पदार्थ तिथंच असतो, फक्त तो तिथं आपण पाठवलेला असतो.

म्हणून या विषयात भिंगाची ताकद हा पहिला प्रश्न नाही. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मायक्रॉनच्या पाचव्या भागापर्यंत वेगळं दिसतं, पेशीचे कप्पे बघायला तेवढं पुष्कळ. पहिला प्रश्न असा की पदार्थाला जागेवर खिळवायचं कसं.

एक रस्ता म्हणजे गोठवणं, पण आमच्या फ्रीजरसारखं नव्हे. पाण्याला खडे बांधायला वेळच मिळाला नाही तर ते काचेसारखं थिजतं, रेणू जिथल्या तिथं. त्यासाठी सेकंदाला दहा हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून वेगानं थंडी आत शिरली पाहिजे. पाण्याच्या पातळ थराला द्रवरूप इथेनमध्ये टपकन बुडवून हे जमवण्यात झाक दुबोशे यांचा मोठा वाटा. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले ते एक. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन त्याहून थंड असूनही इथं कमी पडतो. तुकडा बुडवला की त्याभोवती तो उकळतो आणि वायूचं पांघरूण तयार होतं, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसं. पांघरुणातून थंडी आत जायला उशीर होतो.

पान मात्र पातळ थर नाही. त्याच्या आतपर्यंत हा वेग पोचत नाही. यावर तोड म्हणून गोठवताना तुकड्यावर हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींहून जास्त दाब देतात. इतक्या दाबाखाली बर्फाचे खडे धरायला अवघड जातं आणि सुमारे दोनशे मायक्रॉन जाडीपर्यंत नीट थिजवता येतं. पानाच्या आतल्या हवेच्या पोकळ्या दाबात चेपतात म्हणून आधी त्यात निरुपद्रवी द्रव भरावा लागतो. आणि रिक्तिका म्हणजे जवळजवळ निव्वळ पाणी, ती सगळ्यात आधी दगा देते. प्राण्यांच्या पेशींवर काम करणाऱ्यांना ही कटकट नसते. त्यांचा हेवा वाटतो.

थिजवल्यावरही ओलावा वर्ज्य. बर्फ उडवून तुकडा कोरडा करायचा, किंवा गोठलेल्या अवस्थेतच काप घेऊन तसाच बघायचा. मध्ये कुठंही पाण्याचा थेंब लागला की पुन्हा कच्च्या रंगाची चादर.

दुसरा रस्ता म्हणजे पदार्थाला प्रथिनांशी बांधून टाकणं. ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या एका टोकाला असा गट आहे की विशिष्ट रसायन आधी दिलं तर तो शेजारच्या प्रथिनाला पकडून बसतो. मग त्याच्यावर प्रतिपिंड सोडून त्याला चमकवता येतं. युक्ती छान, पण ज्या रेणूला असं टोक नाही त्याला तिचा उपयोग नाही.

तिसरा रस्ता म्हणजे जिवंत पेशीतच हेर पेरणं. चमकणारं प्रथिन अशा रीतीनं घडवायचं की संप्रेरक भेटलं की त्याची चमक बदलावी. ऑक्सिनचा असा हेर २०१२ मध्ये आला, ॲब्सिसिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाचे २०१४ मध्ये. इथं धुणं नाही, कापणं नाही. फक्त हेर बसवायला झाडाची जनुकं बदलावी लागतात, आणि हेर ज्याला पकडतो तेवढा माल तोही अडवून ठेवतो.

धुरिनकडे वळू. त्याची कथा मला एखाद्या पोलिस तपासासारखी वाटते, आणि तो तपास अजून बंद झालेला नाही.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात एरिक कॉन यांच्या प्रयोगशाळेनं धुरिनमागे लागायचं ठरवलं. १९७७ मध्ये त्यांनी किरणोत्सारी खूण वापरून पाहिली. ही युक्ती अशी की ज्या कच्च्या मालापासून झाड धुरिन बनवतं त्यात किरणोत्सारी अणू घालायचे, झाडाला तो पाजायचा आणि मग काप फोटोच्या लेपाला भिडवून अंधारात ठेवायचा. जिथं खूण, तिथं लेपावर काळे कण. १९७८ मध्ये त्यांनी वेगळीच वाट धरली. पानाच्या पेशींच्या भिंती विकरांनी पचवून टाकल्या, उघड्या पेशी हलकेच फोडल्या आणि रिक्तिका अख्ख्या वेगळ्या काढल्या. धुरिन त्यांच्यात सापडलं. पुढच्या वर्षी पानाचे थर वेगळे करून तपासले, तेव्हा धुरिन सगळं वरच्या-खालच्या सालीच्या पेशींत आणि त्याला फोडणारी विकरं जवळजवळ सगळी आतल्या हिरव्या गरात निघाली. १९८१ मध्ये टोपी काढणारं विकर गराच्या हरितलवकांत असल्याचं दाखवलं गेलं. मामांच्या दोन फळ्या त्या या. चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं. मीही हेच शिकवलं.

मग २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी ज्वारीच्या कोवळ्या कोंबावर रामन परिणामाचा सूक्ष्मदर्शक लावला.

सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जे शोधलं, ज्या तारखेला आपण विज्ञान दिन पाळतो, तेच हे. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशातला बहुतेक सगळा त्याच रंगाचा असतो, पण कोटीत एखादा कण रंग किंचित बदलून परततो. किती बदलला, हे रेणूतले अणू कसे थरथरतात यावर ठरतं. म्हणजे प्रत्येक बंधाची आपली एक सही. धुरिनमध्ये कार्बन आणि नायट्रोजन यांचा तिहेरी बंध आहे, तोच जो पुढे सायनाइड होऊन बाहेर पडतो. त्याची सही अशा पट्ट्यात पडते जिथं पेशीतल्या बहुतेक पदार्थांचा काही आवाजच नसतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही, पण रात्री दोनला रिकाम्या पार्क चौकात मारली तर येईल, तसं. ना रंग, ना खूण, ना प्रतिपिंड. लेझरचा ठिपका टिंबाटिंबानं फिरवायचा आणि प्रत्येक टिंबावर ती हाक आहे का बघायचं.

हाक आली. पण रिक्तिकेतून नाही. भित्तिकेत आणि तिला चिकटून असलेल्या पेशीद्रवाच्या पातळ थरात धुरिनचे ठिपके दिसले, आणि रिक्तिका कोरी. जास्तीत जास्त धुरिन सालीखालच्या थरात. त्यांनी सोबत धुरिन न बनवणाऱ्या ज्वारीचा कोंबही तपासला, त्याच्याशी पडताळा घेतला. हा पडताळा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिथं पदार्थ नाहीच अशा झाडात तुमचं यंत्र गप्प बसतं का, हे दाखवल्याशिवाय नकाशा दाखवू नये.

कोण बरोबर? नव्या संशोधकांचं म्हणणं असं की भिंती पचवून पेशी उघड्या करण्यात पेशीची उलथापालथ होते आणि मोजमाप नेमकं राहत नाही. हे खरंच आहे, चादर मध्येच धुतली गेली असेल. पण दुसरी बाजूही दुबळी नाही. जुनं काम हिरव्या पानावरचं, नवं कोंबाच्या फिकट वेष्टनावरचं. हिरव्या पानात रामनची सही शोधणं तसंही जिकिरीचं, कारण हरितद्रव्य लेझरखाली स्वतःच लाल चमकतं आणि बारीक आवाज दाबून टाकतं. शिवाय हे तंत्र दाटी बघतं. तोच माल मोठ्या रिक्तिकेत पातळ पसरला तर फिका दिसेल, चिंचोळ्या थरात गोळा झाला तर उठून दिसेल. आणि भित्तिकेलगतचा तो थर इतका पातळ की लेझरच्या ठिपक्याला भिंत कुठं संपली नि पेशीद्रव कुठं सुरू झालं हे सांगताना घाम फुटावा. माझा कौल विचाराल तर थरांची गोष्ट, म्हणजे पानाच्या सालीत धुरिन आणि गरात विकर, ही भक्कम आहे. पेशीच्या आतल्या कप्प्याची गोष्ट मी आता वर्गात फळ्यावर पेन्सिलीनं लिहितो, म्हणजे लिहीतच नाही, तोंडी सांगतो.

अलीकडे आणखी एक साधन पुढं आलंय, वजनकाट्याचं. कोरड्या कापावर लेझर मारून टिंबाटिंबातून रेणू उडवायचे आणि प्रत्येकाचं वजन करायचं. धुरिनचं रेणुभार ३११. जिथं तो भार मिळेल तिथं ठिपका. २०२० मध्ये उगवत्या ज्वारीच्या दाण्यात धुरिन आणि त्याची पुढची रूपं या रीतीनं बघितली गेली. एकाच वेळी शेकडो पदार्थांचे नकाशे मिळतात, हा मोठा फायदा. पण बहुधा टिंब दहा-वीस मायक्रॉनचं असतं, म्हणजे कोणत्या थरात ते कळतं, पेशीच्या कोणत्या कप्प्यात ते नाही. आणि लेझरनं रेणू उडावेत म्हणून कापावर जे रसायन फवारतात ते ओलं फवारलं तर... चादर. म्हणून पुष्कळ जण ते वाफेनं कोरडंच बसवतात.

हे सगळं मागच्या संक्रांतीला हुरड्याच्या आगटीपुढं बसून मामांना सांगितलं. रामनचं नाव ऐकून खूश झाले. धुरिनच न करणाऱ्या ज्वारीचं वाण २०१२ मध्ये परदेशात निघालंय, तिच्या कोंबांवर गुरं सोडली तरी चालतील, यावर मात्र त्यांनी कणसं चोळता चोळता डोळे बारीक केले. "मंग त्याला किडं खात्याल."

बराच वेळ गेला. गोवऱ्यांचा धूर फिरून माझ्याकडे आला.

"आन् ते पेशीत कुठल्या खणात हाय, ते ठरलं का?"

"नाही अजून."

"ठरूं दे सावकाश," ते म्हणाले. "दावं नवं आणलंय."